चौदा नंबरचा जावई

माझ्या लग्नाला माझी सख्खी मोठी बहीण वेळेवर आली नाही. का, तर एका माशाला अंडी घालायची होती.

अकरा वर्षं मी हे वाक्य लोकांना ऐकवत आलो. लोक हसतात, मग माझं तोंड बघून गप्प होतात. माझ्या नाकावर राग असतो असं बायको म्हणते. मी छापखान्यात मुद्रितं तपासतो. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधणाऱ्या माणसाचा स्वभाव असा होतोच. शिवाय हा राग काही फुकटचा नव्हता. लग्न बाराला होतं. ताई आली तेव्हा साडेतीन वाजले होते. जेवणं उरकली होती, खुर्च्या एकावर एक रचून झाल्या होत्या आणि फोटोवाला कधीच निघून गेला होता. ताईच्या अंगावर नवे कपडे होते आणि त्यांना माशाचा वास येत होता. माझ्या नव्याकोऱ्या बायकोचा हात हातात घेऊन ती म्हणाली, "दोन मिनिटं गरम पाण्यात ठेवली. आता बघू." बायकोला वाटलं, ही घरून भाजी-बिजी करून आली असावी.

आमच्या बैठकीच्या खोलीत तो फोटो अजून आहे. त्यात आई आहे, बाबा आहेत, आम्ही दोघं आहोत, झाडून सगळे काका-मावश्या आहेत. बाबांच्या उजव्या हाताला एका माणसाची जागा मोकळी आहे. "येईल ती, तिची जागा ठेवा," असं आई फोटोवाल्याला म्हणाली होती. फोटोवाल्याने ठेवली.

ताईला माशांचं वेड लहानपणापासूनचं. ती आठ वर्षांची असेल, मी पाचाचा. आई आम्हाला घेऊन बाजारात गेली होती. मासेवालीच्या पाटीत डोकावून ताईने विचारलं, "यातली आई कुठली आणि बाबा कुठला?" मासेवाली म्हणाली, "शिजल्यावर सगळे सारखेच गं." आई हसली, आई हसली म्हणून मी हसलो. ताई काही हसली नाही. तिला उत्तर हवं होतं, आणि ते मिळेना म्हटल्यावर तिने पुढचं सगळं आयुष्य त्याच प्रश्नात घालवलं. कॉलेज झालं, मोठ्या पदव्या झाल्या, आणि बसने दीड तासावर असलेल्या मत्स्यसंशोधन केंद्रात तिला नोकरी लागली. तिथल्या प्रजनन विभागात ती जी शिरली ती आजतागायत तिथेच आहे.

मी पहिल्यांदा तिची प्रयोगशाळा पाहिली तेव्हा माझी निराशा झाली. मला वाटलं होतं, चकचकीत काहीतरी असेल. होतं काय, तर एक लांबलचक पत्र्याची शेड, सिमेंटच्या टाक्या, कायम ओली फरशी, आणि कोपऱ्यात एक खोली. खोलीत सूक्ष्मदर्शक, फ्रिज, प्लॅस्टिकचे वाडगे आणि एका बरणीत कोंबडीची पिसं. पिसं कशाला, असं मी विचारलं. अंडी आणि नराचं वीर्य हलक्या हाताने कालवायला पिसासारखं दुसरं काही नाही, असं ती म्हणाली. चमच्याने अंडी फुटतात. एवढं शिकून ही बाई कोंबडीचं पीस घेऊन बसली आहे, असं मी घरी येऊन आईला सांगितलं.

पहिली पाच-सहा वर्षं ती फक्त हात तयार करत होती. मादीच्या पोटावरून बोटं फिरवून अंडी आज देणार की उद्या, हे ओळखायचं. तिचे हात बारा महिने गार असायचे आणि कातडी धुवट. उरलेल्या वेळी माशाच्या पेशीतली गुणसूत्रं मोजायची. एका पेशीत शंभर, आणि मोजताना एक जरी निसटलं तरी पुन्हा पहिल्यापासून. दिवसभर माशांची लग्नं लावणाऱ्या या बाईला आई स्वतःच्या लग्नाचं विचारायची, तेव्हा ती म्हणायची, "आई, माझ्याकडे सध्या चारशे मुली आहेत. त्यांचं आधी होऊ दे." आईने पुढे विचारणं सोडलं. आमच्या बाबांनी मात्र तिच्या नावाने येणारं प्रत्येक नियतकालिक उघडून पाहिलं, एक अक्षर कळत नसताना.

आता तिच्या मोठ्या कामाचं सांगतो. मला जेवढं कळलंय तेवढंच सांगतो, कारण तपासलं नाही ते छापू नये हा माझा धंद्याचा नियम आहे. तळ्यात मासे पाळणाऱ्यांना माद्या हव्या असतात. ताई ज्यावर काम करते त्या कार्प माशात माद्या झपाट्याने वाढतात, आणि नर नसला की तळ्यात नको तेवढी पिल्लं होऊन दाटी होत नाही. पण अर्धे नर, अर्ध्या माद्या हा निसर्गाचा हिशोब. ताईला तो मोडायचा होता. त्याची युक्ती अशी: दुसऱ्या एका जातीच्या नराचं वीर्य घ्यायचं आणि विशिष्ट दिव्याखाली ठेवून त्यातला वारसा मारून टाकायचा. ते वीर्य अंड्याला नुसतं जागं करतं, देत काहीच नाही. मग अंडी ठरलेल्या मिनिटाला गरम पाण्यात बुडवायची, की आईचाच वारसा दुप्पट होतो. अशी जन्मलेली पिल्लं बिनबापाची, म्हणजे सगळ्या मुली.

त्यातल्या अर्ध्या मुलींना लहानपणी काही आठवडे औषध घातलेलं खाद्य दिलं, की त्या वाढून नराचं काम करू लागतात. दिसायला नर, आत वारसा सगळा आईचा. त्यांची जोडी साध्या मादीशी लावली की होणारी सगळी पिल्लं पुन्हा मुलीच. औषधाचा अंश नाही, काही नाही. टाक्या सांभाळणारे एक काका तिथे आहेत, ताईच्या आधीपासूनचे. या नराचं काम करणाऱ्या मुलींना त्यांनी नाव दिलं जावई. प्रत्येक जावयाच्या पाठीत बारीक खूण टोचून नंबर दिला होता. असे एकोणीस जावई होते आणि ते सगळे एका दिवसाच्या एकाच वाडग्यातून आलेले. तो दिवस माझ्या लग्नाचा.

तिने त्यातल्या न बदललेल्या मुली तपासल्या, सगळ्या माद्या निघाल्या. तो निबंध छापून आला. कुठल्या मिनिटाला गरम पाणी, किती पिल्लं वाचली, याचे तिचे आकडे जगभरच्या प्रयोगशाळा वापरू लागल्या. बाबांनी तो अंक सगळ्या शेजाऱ्यांना दाखवला. माझा राग तेव्हा थोडा उतरला, खोटं कशाला बोलू. लग्नाला आली नाही, पण निदान काहीतरी मोठं करत होती, असं मी स्वतःला सांगितलं. फोटोतल्या त्या मोकळ्या जागेची मी तेवढी किंमत लावली होती.

गेल्या वर्षी या जावयांपासूनचं बीज, म्हणजे बारीक पिल्लं, तळेवाल्यांना वाटायचं ठरलं. प्रजननाचे साहेब निवृत्त होणार होते आणि त्यांची खुर्ची ताईला मिळणार, हे काकांपासून सगळ्यांना ठाऊक होतं. वाटपाच्या आधी काका चाचणीच्या टाकीतल्या, जावयांच्या वाढलेल्या मुली एकेक काढून पोट दाबून बघत होते. एकीच्या पोटातून पांढरं निघालं. काकांनी ती मासळी धरून ठेवली आणि हाक मारली, "बाई, ही मुलगी नाहीये."

त्या टाकीत असे नर एकूण सत्तावीस निघाले. शोध घेता घेता ते सगळे एकाच जावयाची पोरं ठरले. चौदा नंबर. बाकीचे जावई सरळ होते, याच्याच घरी मुलगे होत होते, कारण चौदा नंबर खराच नर होता. औषध खाऊन नर झालेल्या अठरा मुलींत एक खरा मुलगा अकरा वर्षं बिनबोभाट वावरत होता, आणि दिसायला सगळे सारखेच.

साहेब वाईट माणूस नाही. त्यांनी ताईला खोलीत बोलावलं, दार लावलं आणि स्वतःच्या मुलीला सांगावं तसं सांगितलं. "बाई, चौदा नंबर काढून टाका. त्याची पिल्लं काढून टाका. बीज शुद्ध झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"काढता येईल, सर. पण तो आला कुठून?"

"आला असेल कुठून तरी. कशाला हात दाखवून अवलक्षण करून घेता?"

"बिनबापाच्या वाडग्यात बाप कुठून तरी येत नाही, सर," ताई म्हणाली. "आणि एक आला असेल तर आणखी किती आले, हे मला आज सांगता येत नाही. बाप असलेली पिल्लं जास्त जगतात, म्हणजे वाचलेल्यांचा आकडाही फुगलेला असणार. माझे आकडे घेऊन लोक काम करतायत."

साहेबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, विचार करा, घाई नको.

ताईने चौदा नंबरच्या शेपटीचा एक कोपरा कापून तपासायला घेतला. तिच्या कपाटात त्या दिवशीच्या प्रत्येक माशाचा असाच एक तुकडा स्पिरिटच्या बाटलीत आहे, अकरा वर्षं जपलेला. ती काही फेकत नाही. शाळेतली खोडरबरंसुद्धा तिच्याकडे असतील. दोन आठवड्यांनी उत्तर आलं. चौदा नंबरला बाप होता. त्या दिवशी अंडी चांगली आहेत की नाहीत हे बघायला तिने एका वाडग्यात साध्या नराचं वीर्य घातलं होतं, तुलनेसाठी. तोच नर. पहिल्या वाडग्यातला बाप दुसऱ्या वाडग्यात पोचला होता.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी ती न कळवता आमच्याकडे आली. नेहमीसारखी फोटोखालच्या खुर्चीत बसली. तिथे बसलं की फोटो दिसत नाही. बायकोने चहा ठेवला. ताईने झालेलं सगळं मला सांगितलं, वर सांगितलं त्याच क्रमाने, आणि मग विचारलं, "धाकट्या, शुद्धिपत्र कसं लिहितात?"

"चार रकाने," मी म्हणालो. "पान, ओळ, अशुद्ध, शुद्ध. एवढीशी चिठ्ठी असते."

"आणि पानच्या पान अशुद्ध असेल तर?"

इथे माझी जीभ सुटली. मला लाज वाटते, पण जे झालं ते सांगायला हवं. मी म्हणालो, "म्हणजे माझ्या लग्नाला दांडी मारून जे केलंस, तेही धड केलं नाहीस?"

बायकोने कप जोरात खाली ठेवला. ताई मात्र म्हणाली, "नाही केलं," आणि पिशवीतून एक वही काढून माझ्यापुढे सरकवली. "तू चुका शोधतोस ना. बघ."

जुनी, पाण्याचे डाग पडलेली वही. पान उघडलेलंच होतं. मी सवयीने पेन्सिल हातात घेतली. मला आधी काही कळेना, म्हणून तिने बोट ठेवून समजावलं. अंडी सुटायचं इंजेक्शन मादीला आदल्या संध्याकाळी दिलं होतं, त्या हिशोबाने ती सकाळी सहाला तयार व्हायला हवी होती. रात्री पाणी गार पडलं आणि ती रेंगाळली. सहा, सात, आठ, नऊ, प्रत्येक तासाला एकच शब्द लिहिलेला: 'घट्ट'. मग पुढे असं होतं:

१०:२२ पोट मऊ. अंडी मोकळी.
१०:२५ वाडगा १, तुलनेचा. पीस १.
१०:२७ पीस २ ओल्या फरशीवर पडलं. धुऊन वाळवायला दहा मिनिटं.
१०:२८ पीस १ पुसून वाडगा २ ला वापरलं.

"पुसून," ताई म्हणाली. "पाण्यात धुतलं असतं तर त्याच्यावरचं वीर्य जागं होऊन मिनिटाभरात मेलं असतं. पुसलेल्या पिसावर ते तसंच राहतं. हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते. पीस पुसायचं नाही, धुवायचं, आणि पूर्ण वाळवायचं. त्या दिवशी मी ॲप्रनला पुसलं."

"पण का? बरणीभर पिसं होती तुझ्याकडे."

"ती न धुतलेली. धुतलेली दोनच होती."

"मग दहा मिनिटं थांबायचं."

माझी नजर समासात गेली. मुद्रितं तपासणाऱ्याची नजर समासात जातेच. तिथे पेन्सिलने, बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'बस ११:१०. फोटो १ वाजता.' आणि पानाच्या तळाशी, 'अंडी टाकीत' या नोंदीच्या खाली: '११:१२. बस गेली.'

मी ती ओळ दोनदा वाचली. मग चष्मा काढला. अकरा वर्षं मी लोकांना सांगत होतो की माझ्या बहिणीने माझ्यापेक्षा मासा मोठा मानला. इथे तिच्याच अक्षरात लिहिलं होतं की माझ्यासाठी तिने मासा बिघडवला. तेलही गेलं, तूपही गेलं, आणि हातातलं धुपाटणं तिने अकरा वर्षं एकटीने धरून ठेवलं होतं. मला रडू आलं. मी ते खोकल्यासारखं केलं, पण बायकोने ओळखलं आणि ती आत निघून गेली.

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस," मी म्हणालो.

"काय सांगायचं? पीस पुसलं म्हणून? मला वाटलं, पुसलं की झालं. शिवाय तू बोलू कुठे देतोस?"

हे खरं होतं.

आम्ही दोघांनी मिळून पत्राचा मसुदा केला. कारणाच्या जागी तिने 'घाईमुळे' लिहिलं होतं. कसली घाई हे कुणीतरी विचारणारच, असं मी म्हणालो. ती म्हणाली, "'घरगुती कारण' लिहू?"

"'भावाच्या लग्नाच्या फोटोला पोचायचं होतं', असं लिही."

"असं लिहीत नाहीत रे."

"मग शुद्धिपत्रात कारण देतच नाहीत, हेच बरं."

शेवटी तिने लिहिलं: 'ही चूक माझ्या हातून झाली.' त्या वाक्यात मला काही दुरुस्त करण्यासारखं दिसलं नाही.

पुढचं अपेक्षेप्रमाणेच झालं. निबंध मागे घेतला गेला, वाटप लांबलं, साहेबांची खुर्ची दुसऱ्या विभागातल्या एका गृहस्थांना मिळाली. विभागातल्या दोघांनी ताईशी बोलणं टाकलं, कारण त्या निबंधावर त्यांचीही नावं होती. बाबांनी तो जुना अंक कपाटात खाली ठेवला, पण टाकला नाही. ताई या सगळ्यात कोरड्या डोळ्यांनी वावरत होती. मग लांबच्या कुठल्याशा प्रयोगशाळेतल्या एका अनोळखी बाईचं पत्र आलं. तिने लिहिलं होतं, 'तुमच्या आकड्यांइतकी पिल्लं माझ्याकडे दोन वर्षं वाचत नव्हती. मला वाटायचं, माझाच हात वाईट आहे. आभार.' ते पत्र मला फोनवर वाचून दाखवताना ताई रडली.

चौदा नंबर अजून आहे. मी त्याला बघायला मुद्दाम गेलो. काका त्याला वेगळ्या टाकीत ठेवतात आणि म्हणतात, इतक्या जणांत खरा जावई हा एकटाच, त्याची बडदास्त ठेवायला हवी. मोठा, सुस्त मासा आहे. माझ्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

या वर्षी ताईने तो प्रयोग पहिल्यापासून पुन्हा मांडला. नवी मादी, नवे वाडगे. सकाळी सातला तिचा फोन आला. "मासळी तयार व्हायला हवी होती, पाणी गार पडलंय. वेळ लागेल. आज तुमच्याकडे काही नाही ना?"

आमच्या मुलीचं शाळेत नाटक होतं. ती नऊ वर्षांची आहे आणि नाटकात न्यायाधीश झाली होती. आत्या पहिल्या रांगेत बसणार, असं दोघींचं महिन्यापूर्वी ठरलं होतं. नाटक खरं उद्या होतं, पण सभागृह मिळेना म्हणून शाळेने ते एक दिवस अलीकडे आणलं होतं. ताईला कळवायचं काम माझ्याकडे होतं आणि मी विसरलो होतो.

"काही नाही," मी म्हणालो. "पिसं किती घेतलीस?"

"बारा. धुतलेली, वाळवलेली, वेगवेगळ्या पाकिटांत. नाटक उद्या अकराला ना?"

"हो, उद्या. तू सावकाश कर."

फोन ठेवला तर बायको समोर उभी. तिने मला नखशिखांत न्याहाळलं आणि डबा भरायला निघून गेली.

सभागृहात आमच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. न्यायाधीश महाराज निकाल देता देता तीनदा त्या खुर्चीकडे बघत होते, मी मोजलं. नाटक संपल्यावर ती काळा झगा सावरत आमच्याकडे आली, आणि तिचं नाक बघून मला कळलं की माझा स्वभाव कुणाकडे गेला आहे.

"आत्या का नाही आली?"

मी ते वाक्य अकरा वर्षं म्हटलं होतं, पण असं कधी म्हटलं नव्हतं. "एका माशाला अंडी घालायची होती," मी म्हणालो.

तिने झग्याची बाही वर सारली. मग तिने विचारलं, "मग घातली?"

माझ्या लग्नाच्या दिवशी आमच्यापैकी कुणीही ताईला हे विचारलं नव्हतं.